‘पिढीजाद’मधला द

पुण्यात ज्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नसतं, तो पिढीजात असतो. पिढीजात वैद्य, पिढीजात सराफ, पिढीजात ज्योतिषी, एवढंच काय, पिढीजात मिसळ. मिसळ पिढीजात कशी असते हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. कालची उरलेली आज वाढली एवढं मी समजू शकतो.

मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात तीसेक वर्षं प्रुफं तपासली. म्हणजे लोकांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या आणि त्यांनी त्या पुढच्या खेपेला पुन्हा कशा केल्या ते बघत बसायचं. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो असं म्हणतात. माझा मुळातच फारसा बरा नव्हता, त्यामुळे नुकसान कमी झालं. पुस्तकं आमच्याकडे थोडी यायची. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळीच्या फराळाची पत्रकं, असाच माल जास्त. आणि पेठेतले दुकानदार पाटी रंगवायला टाकण्याआधी मजकूर दाखवायला माझ्याकडे यायचे, कारण मी फुकट सांगायचो.

त्या मजकुरांत ‘पिढी’ हा शब्द इतका यायचा की मला त्याचा वीट आला होता. बाप ही एक पिढी, मुलगा दुसरी, नातू तिसरी. यात न कळण्यासारखं काही नाही. पण आपला माणूस पिढ्या मोजतो त्या दोनच वेळी. शिव्या देताना बेचाळीस आणि बसून खायचं असलं की सात. मधल्या आकड्यांशी त्याचं काही देणंघेणं नसतं. पणजोबांचं नाव विचारलं की तो छताकडे बघायला लागतो, आणि तोच माणूस पाटीवर ‘पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा’ लिहून मागतो. एकदा एक गृहस्थ विचारायला आले की आम्ही दोघे भाऊ दुकानात बसतो, तर दोन पिढ्या धरता येतील का. मी म्हटलं, बायका धरल्या तर चार होतील. त्यांनी ते खरोखर कागदावर टिपून घेतलं आणि आभार मानून गेले. दुसऱ्या एकाने ‘आमची पिढीजात पिढी’ असं लिहून आणलं होतं. त्याला पेढी म्हणायचं होतं. मी काना-मात्रा न बदलता तसंच परत दिलं, कारण त्याच्या बाबतीत तेच खरं होतं.

माझा स्वतःचा एक नियम होता. तीन पिढ्या सलग एकाच कामात गेल्या असतील तरच पिढीजात म्हणायचं. हा नियम मला कुणी करायला सांगितला नव्हता आणि तो पाळणाराही मी एकटाच होतो.

आणि दुसरं म्हणजे, मी तो शब्द ‘पिढीजात’ लिहीतच नसे. ‘पिढीजाद’ लिहायचो, शेवटी द. हा जाद फारसीतला. जाद म्हणजे जन्मलेला. शहाजादा म्हणजे शहाच्या पोटी जन्मलेला, तसा पिढीजाद म्हणजे पिढीतून आलेला. पुढे बोलता बोलता लोकांनी द चा त केला. संस्कृतातला ‘जात’ म्हणजेही जन्मलेलाच, नवजात म्हणतो ना आपण, त्यामुळे तो त खपून गेला. जुन्या कोशात दोन्ही रूपं सापडतात. दोन्ही चालतात. मग मी द चाच हट्ट का धरायचो? मला तो माहीत होता आणि इतरांना नव्हता, म्हणून. पुण्यात याहून मोठं कारण कुणाला लागत नाही. शिवाय त लिहिला की लोकांना पिढी आणि जात अशी दोन्ही सुखं एका शब्दात मिळतात, आणि ती त्यांना मिळू द्यायची माझी इच्छा नव्हती.

हे एवढं लांबण लावायचं कारण असं, की या एका अक्षरापायी मी एका माणसाच्या हातातलं काम घालवलं.

छापखान्यापासून चार दुकानं सोडून भाजणी, मेतकूट आणि मसाल्यांचं एक दुकान होतं. मालकांच्या वडिलांनी जन्मभर टपाल खात्यात शिक्के मारले. मालक स्वतः एका कारखान्यात हजेरीपत्रक भरायचे. तो बंद पडल्यावर त्यांनी जिन्याखालच्या जागेत चार डबे मांडून दुकान काढलं. धने-मिरच्या मार्केट यार्डातून स्कूटरवर यायच्या, दळायच्या शेजारच्या गिरणीत, आणि सगळी चव मालकीणबाईंच्या हातची. मेतकुटाची कृती त्यांना त्यांच्या आईने शिकवलेली, आईला तिच्या आईने. म्हणजे त्या दुकानात पिढीजाद असं काही असलंच तर ते बाईंकडून आलेलं होतं. पण आईकडून लेकीकडे आलेल्या गोष्टीला आपण पिढी म्हणत नाही, माहेरचं म्हणतो.

त्यांचे चिरंजीव इंजिनियर होते. दोन हजार साल उजाडायच्या आधी कॉम्प्युटरांना तारखेची धास्ती बसली होती. त्या गडबडीत ज्याला की-बोर्ड दिसतो अशा प्रत्येकाला अमेरिकेला पाठवत होते, तसे हेही गेले आणि तारीख सुखरूप उलटल्यावर परत आले. येताना प्यायच्या पाण्याची बाटली आणि ‘ब्रँड’ हा शब्द घेऊन आले. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत चालू होतीच, पण शनिवार-रविवार ते दुकानात उभे राहून दुकानाकडे दया आल्यासारखं बघायचे. त्यांचं म्हणणं असं होतं की नागपूर-अमरावतीकडची शेकडो पोरं आयटीत नोकरीला आली आहेत, विश्रांतवाडीला आणि आणखी कुठे कुठे एका खोलीत चौघं राहतात, आणि त्यांना घरच्या जेवणाची आठवण येते. त्या आठवणीवर दुकान चालवायचं. नागपूरच्या मुलाला पुण्याच्या मेतकुटाने घर कसं आठवेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, काका, इमोशन सेम असतं.

नव्या इमारतीत तळमजल्यावर मोठं दुकान घेतलं. ते झालं की विश्रांतवाडीला एक आणि मग आणखी तीन, असा बेत होता. पाटीवर काय लिहायचं हे ठरवायला ते माझ्याकडे आले. त्यांना ‘पिढीजात’ हवं होतं. मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी दुकान काढलं, तुम्ही अजून त्यात नीट बसलाही नाहीत, ही पिढी दीड सुद्धा होत नाही. त्यावर त्यांनी मला समजावलं की आता जनरेशनचा अर्थ बदलला आहे, त्यांच्या क्षेत्रात दीड-दोन वर्षांत एक जनरेशन संपते, मशीनची नवी येते. मी म्हटलं, मग या हिशेबाने तुमच्या दुकानाच्या आठ-दहा पिढ्या सहज झाल्या, लिहा बिनदिक्कत. ते मनापासून हसले. माझं बोलणं त्यांनी कौतुक म्हणून घेतलं, आणि हे असं होतं म्हणूनच मला या आयटीवाल्या वर्गाचा कधी नीट अपमान करता आला नाही.

आता मी त्यांना हाकलून का दिलं नाही, तेही सांगतो. माझा मुलगा इंजिनियर होऊन वर्षभर घरात बसला होता. आयटीतली मंदी चालू होती आणि कंपन्या घेतलेल्या मुलांनाही तारखा देऊन झुलवत होत्या. चिरंजीवांनी आपण होऊन त्याचा बायोडेटा मागून घेतला होता. आमच्याकडे आतून नाव गेलं की काम होतं, म्हणाले होते. बायको रोज संध्याकाळी मला एकच विचारायची, भेटले का ते, काही म्हणाले का. तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडत होतो आणि तोंडाने ‘वा, छान कल्पना’ म्हणत होतो.

पाटीसाठी पेंटर मी सुचवला. ते भवानी पेठेत राहायचे, मुसलमान, वयाने माझ्याएवढेच. घराणं पुण्यात कधी आलं हे त्यांच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, इतकी वर्षं झाली होती. आजोबा टांग्यांवर नंबर आणि दुकानांवर नावं लिहायचे, वडिलांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवली, आणि हे पाट्या रंगवायचे. तीन पिढ्या सलग. माझ्या नियमात बसणारा साऱ्या पेठांमध्ये हा एकच माणूस होता, आणि त्याने हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरावर पाटीच नव्हती.

त्यांचं काम बघायला मी मुद्दाम उभा राहायचो. दोरीला खडूची पूड चोळायची, दोन टोकं ताणून धरायची आणि मध्ये एक टिचकी मारायची की पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. मग टोकाला चिंधीचा गोळा बांधलेली काठी पत्र्याला टेकवून, तिच्यावर मनगट ठेवून अक्षर काढायचे. आधी पेन्सिलीने काही नाही. र्‍हस्व-दीर्घाची चूक मी त्यांच्या हातून कधी पाहिली नाही, आणि हे मी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एकाही कंपोझिटरबद्दल म्हणू शकत नाही.

पण त्यांचे दिवस फिरले होते. आधी कॉम्प्युटरवर कापलेली चिकट अक्षरं आली आणि त्यांच्या पाठोपाठ फ्लेक्स. सकाळी सांगा, संध्याकाळी लटकवा. दुकानदार त्यांना ओळख दाखवेनासे झाले होते. ते एकदा छापखान्यात येऊन बसले आणि म्हणाले की दोन महिने ब्रश भिजलेला नाही. कोंढव्याला मेहुण्याचं गॅरेज आहे, तो बोलावतोय गाड्यांच्या रंगाला. जावं लागेल असं दिसतंय. मी चिरंजीवांना गळ घातली. ते म्हणाले, ओके काका, तुम्ही म्हणताय म्हणून ट्रायल घेऊ. ही एक पाटी आवडली तर पाचही दुकानांच्या पाट्या त्यांना, दर दिवाळीला रंगाचा हातही त्यांचाच. नाही आवडली तर फ्लेक्सवाला तयारच आहे. मी हे जसंच्या तसं पेंटरना सांगितलं. माझ्या मुलाच्या बायोडेटाचंही सांगितलं, चहा पिता पिता, जसं आपण सांगतो. ते म्हणाले, म्हणजे तुमचं आणि माझं काम एकाच टेबलावर आहे.

मजकूर मी लिहून दिला. छापखान्याच्या चिठ्ठीवर, माझ्या हाताने. ‘पिढीजाद चवीची भाजणी, मेतकूट व मसाले.’ चिरंजीव ‘पिढीजात’ म्हणाले होते, पण त्यांनी म्हटलेलं तसंच लिहायला मी काय त्यांचा टायपिस्ट होतो? पेंटरनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. हल्ली सगळे आमच्याकडून त रंगवून घेतात, तुम्ही द लिहिलात, म्हणाले. मग मी त्यांना फारसीतला जाद कसा, शहाजादा कसा, असं अर्धा तास ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते. ते लहानपणापासून उर्दू वाचतात हे माझं बोलणं संपल्यावर लक्षात आलं. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

चार दिवस ते त्या पत्र्यापुढे होते. गडद तांबड्यावर पिवळी अक्षरं, त्यांना काळी सावली. द काढताना मी तिथेच होतो. त अगदी सोपा असतो, द चं पोट जमलं नाही तर अक्षर पंगू दिसतं, असं म्हणाले आणि एका दमात तो काढला. इतका देखणा द मी बत्तीस पॉइंटाच्या शिशाच्या टाइपातही पाहिला नव्हता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी पाटी वर चढवली. मालकीणबाई आधी आल्या, बघून म्हणाल्या, छान आलीय हो. मग मालक आले, मग चिरंजीव गाडी लावून आले. पेंटर शिडीपाशी रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. चिरंजीवांनी वर बघितलं, एकेक अक्षर लावत वाचलं आणि ते हसायला लागले.

“हे जाद काय आहे? इट साउंड्स लाइक हरामजादा, यार.”

मालक हसले नाहीत. त्यांनी चिरंजीवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूतदार आवाजात, पेंटर तिथे नसल्यासारखं, म्हणाले, “त्यांचा दोष नाही रे. त्यांना मराठी कुठनं येणार?”

तीन इंग्रजी शब्दांमागे एक मराठी बोलणाऱ्या मुलाच्या बापाने हे म्हणावं. पेंटरच्या बोलण्यातली कुठलीही चार वाक्यं मी छापखान्यात न तपासता जशीच्या तशी कंपोझला टाकली असती. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, राहू दे की, काय बिघडलं. ते कुणी ऐकलं नाही. मग चिरंजीव माझ्याकडे वळले.

“काका, तुम्ही सांगा ना. करेक्ट काय आहे?”

पेंटरनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. चिठ्ठी तिथेच होती, तिची कड मला दिसत होती. माझं अक्षर पेठेतली शेंबडी पोरंही ओळखतात. हात खिशाला लागला आणि परत खाली आला. ते नुसते बघत राहिले.

मी म्हणालो, “रूढ शब्द पिढीजात असाच आहे.”

या वाक्यात चूक काढून दाखवा. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलेल्या माणसाचं वाक्य होतं ते, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. द मी लिहिला, हे त्यात नव्हतं. द ही बरोबर आहे, हे त्यात नव्हतं. जे गाळायचं ते नेमकं गाळलेलं होतं. मला त्या क्षणी बायकोचा संध्याकाळचा चेहरा दिसत होता आणि मुलाचा दुपारी दोनला अंथरुणातून उठलेला. हे कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून चालणार नाही हे मला कळतं.

पेंटर म्हणाले, द चा त करायला दोन तास लागतील, संध्याकाळच्या आत वाळेल. चिरंजीवांनी तोवर मोबाइल कानाला लावला होता. त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली, फ्लेक्सवाल्याला साइज सांगितली आणि मग पेंटरकडे वळून म्हणाले, नेक्स्ट टाइम नक्की हं, चाचा. रिस्क नको आता. चार दिवस त्यांना पेंटर म्हणत होते, काम गेल्याबरोबर चाचा झाले. पाटी उतरवायला मी शिडी धरली. तेवढी मदत मी केली.

संध्याकाळी फ्लेक्स आला. त्यावर एका म्हातारीचा फोटो होता, डोक्यावर पदर, हातात परात. ती कोण हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कॉम्प्युटरमध्येच होती म्हणे. आणि जागा पुरली नाही म्हणून त्या यंत्राने शब्द मधोमध तोडला होता. वरच्या ओळीत ‘पिढी’, खालच्या ओळीत ‘जात चवीची’. चिरंजीवांनी वाचून मान डोलावली. मालकांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला अर्धी पेठ त्या पाटीखालून आत गेली आणि शिरा खाऊन बाहेर आली. शुद्धलेखनावरून भांडणारे, दुसऱ्याच्या पाटीवरचा अनुस्वार शोधून काढणारे, सगळे. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. पुणेरी पाट्यांच्या गमती तेव्हापासून मला कुणी सांगू नये.

महिनाभरात मुलाला बोलावणं आलं आणि तो कामाला लागला. घरात पेढे आले. पाटीचं मी बायकोला त्या दिवशीच सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “म्हणजे त्यांनी नाव दिलं असेल ना आत?” मला तिचा राग आला, आणि मग आठवलं की मीही घरी येताना रस्ताभर हाच विचार करत होतो.

मुलगा आता त्याच धंद्यात बराच वर गेला आहे. रविवारी जेवताना कामाचं बोलतो. त्याच्याकडून मला कळलं की त्यांच्यात ‘लेगसी’ म्हणजे वारसा हा शब्द वाईट अर्थाने वापरतात. आधीच्या लोकांनी करून ठेवलेलं, आता कुणालाच न समजणारं आणि तरी बंद करायची कुणाची छाती होत नाही असं काम म्हणजे लेगसी. ते नव्या मुलांच्या गळ्यात मारतात. मला वाटलं, या लोकांनी निदान एक शब्द तरी प्रामाणिकपणे वापरला. त्याला त्याची नोकरी कशी लागली हे मी सांगितलेलं नाही.

पेंटर छापखान्यात पुन्हा आले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका रविवारी मीच कोंढव्याला गेलो. पिशवीत जाडजूड कोश घेतला होता, त्या पानाशी कागदाची खूण घालून. आता हसू येतं. माणसाचं काम घालवलं आणि मी त्याच्याकडे व्युत्पत्ती घेऊन निघालो होतो.

ते एका मोटारीच्या दरवाजावर खड्डे बुजवायला भरलेली लांबी घासत बसले होते. केस, भुवया, सगळं पांढऱ्या भुकटीने माखलेलं. मला बघून उठले, हात पुसले, बसायला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. मी लगेच विषयाला हात घातला. तो शब्द बरोबर होता, म्हणालो, कोशात आहे, मी तेव्हा सांगायला हवं होतं. आणि पिशवीत हात घातला.

“राहू द्या, साहेब,” ते म्हणाले. “शब्द बरोबर होता ते मला माहीत होतं. शब्दाबद्दल मी तुमच्याकडे बघत नव्हतो तेव्हा.”

मी कोश पिशवीतच राहू दिला. गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.  लाज वाटत होती. 

मग त्यांनीच विचारलं, “मुलाचं झालं का काम?”

मी हो म्हणालो.

“बरं झालं,” ते म्हणाले. “वर्षभर पोरगा घरात बसला की घर घर राहत नाही.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. टोमणा ओळखण्यात माझा जन्म गेला आहे, अनुस्वाराएवढा असला तरी मला दिसतो. त्यांच्या बोलण्यात तो नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.